राखेचं गिऱ्हाईक

ही गोष्ट एकोणीसशे अडुसष्ट सालची. सालाबद्दल शंका नको, कारण त्याच वर्षी बेकरीत टेलिफोन आला, आणि पहिला महिनाभर तो वाजला की सासूबाई आधी हात धुवायच्या, केस सारखे करायच्या आणि मग उचलायच्या. तोवर पलीकडचं माणूस कंटाळून गेलेलं असायचं. त्याच वर्षी मागच्या अंगणातल्या चेरीची पानं पिवळी पडली, आणि घरातल्या धाकट्या सुनेला असं काहीतरी कळलं जे घरात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. कळलं, आणि वाटलं, कळलं नसतं तर बरं झालं असतं.

धाकटी रंगाऱ्याची मुलगी. कापड रंगवणारा रंगारी, भिंती रंगवणारा नव्हे. लग्न होऊन बेकरीत आली तेव्हा तिच्या नखांच्या कडा निळ्या होत्या. लहानपणापासून बापाबरोबर निळीच्या पिंपात हात घातलेले. तो रंग आठ दिवसांत जाणारा नव्हता. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ते हात उलटेपालटे करून पाहिले आणि निकाल दिला.

"पिठाला हात लावायचा नाही हं. निळे पाव कोण खाईल?"

तेव्हापासून धाकटीच्या वाट्याला पत्रे आले. पाव भाजायचे काळे, जड पत्रे, दिवसाला साठ-सत्तर. पुढे दुकान, दुकानामागे पीठ मळायची खोली, तिच्यामागे भट्टी, आणि भट्टीच्या मागच्या दारातून दोन पायऱ्या उतरलं की अंगण. तिथल्या नळावर बसून ती पत्रे घासायची, आणि मान वर केली की समोर झाड.

चेरी होती ती शोभेची. वीस वर्षांपूर्वी भट्टी पहिल्यांदा पेटली त्या आठवड्यात सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने लावलेली. वर्षातून दहा दिवस ती गुलाबी फुलांनी अशी लगडायची की रस्त्यावरची माणसं पाव घ्यायच्या निमित्ताने आत डोकावायची. फळ मात्र एक धरायचं नाही. थोरले दीर म्हणायचे, "आमच्याकडचा घरजावई आहे तो. रुबाब बघा, काम विचारू नका."

सासऱ्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणायची. शाळामास्तर नव्हे, भट्टीमास्तर. लांब दांड्याचं लाकडी फावडं भट्टीत सरकवून एका झटक्यात डझनभर पाव बाहेर काढणारा त्यांच्यासारखा हात गावात दुसरा नव्हता. पण तीन वर्षांपूर्वी उजवा खांदा धरला तो धरलाच. फावडं थोरल्याकडे गेलं. पीठ धाकट्या मुलाकडे, गल्ला आधीपासून सासूबाईंकडे. मास्तरांकडे राहिली राख.

आधी ती राख कचऱ्याच्या गाडीत जायची. मास्तरांनी तिचं काम करून टाकलं. रोज सकाळी पाव दुकानात गेले की ते थंड झालेली राख बाहेर काढायचे, पिठाची एक जुनी चाळणी घेऊन बाकावर बसायचे आणि डाव्या हाताने चाळायचे. कोळसा बाजूला, खिळे बाजूला, आणि खाली पडेल ती पिठासारखी मऊ, करडी राख डब्यात. मग तो डबा चेरीच्या बुंध्याभोवती गोल पसरायचा.

"माझ्या हाताखाली आता हे एकच गिऱ्हाईक उरलंय," ते धाकटीला सांगायचे. "पण चोखंदळ आहे बरं का. खडा चालत नाही त्याला."

धाकटीला हा म्हातारा आवडायचा. घरात तिच्याशी पत्रे सोडून दुसऱ्या विषयावर बोलणारे ते एकटेच होते.

त्या वर्षी फुलं कमी आली. आणि फुलांमागून पानं आली ती पिवळीच. म्हणजे पूर्ण पिवळी नव्हे. आतल्या जुन्या फांद्यांवर जरा तरी हिरवी, पण शेंड्याला, जिथे नवी कोवळी पालवी, तिथे अगदी लिंबासारखी.

मग जो तो वैद्य झाला. सासूबाई म्हणाल्या, पाणी कमी पडतंय, आणि दोन बादल्या ओतल्या. धाकटीचा नवरा म्हणाला, पाणी जास्त होतंय, आणि नळाखाली पन्हळ लावली. शेजारच्या औषधाच्या दुकानदाराने किडीची पावडर दिली. तिने झाडाला काही झालं नाही, मांजर मात्र चार दिवस शिंकत होतं. रोपवाटिकेचा माणूस आला, बुंध्यावर दोन टिचक्या मारल्या, ताजे बनपाव चार खाल्ले आणि म्हणाला, "वय झालंय. ही जात इतकीच. फार तर वर्षभर."

हे ऐकून थोरल्यांना हुरूप आला. त्यांना पाव पोचवायला गाडी घ्यायची होती, आणि गाडी आत यायची तर फाटकाच्या वाटेत नेमकं झाड. दुसऱ्याच दिवशी ते सुतळी घेऊन अंगण मोजायला लागले.

"काय मोजतोयस?" मास्तरांनी बाकावरून विचारलं.

"जागा, बाबा."

"जागा वीस वर्षं तेवढीच आहे. वाढली का ते बघतोस?"

थोरले काही वाईट माणूस नव्हते. सुतळी गुंडाळत ते बापाजवळ बसले. "बाबा, पिवळं पडलंय ते. जाणारच आहे. मी काय आजच कुऱ्हाड घेऊन उभा नाहीये. पानगळ होईपर्यंत थांबू. तोवर बरं झालं तर राहू दे, मी गाडी रस्त्यावर लावीन. नाही झालं तर मग बोलायचं नाही."

"आजारी आहे ते, मेलेलं नाही," मास्तर म्हणाले. "खाऊ-पिऊ घातलं की उठेल."

आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी झाडाला एकाऐवजी दोन डबे राख घालायला सुरुवात केली.

त्या आठवड्यात एकदा पत्रा घासता घासता एक पान धाकटीच्या मांडीवर पडलं. तिने ते उचलून उजेडात धरलं आणि तिचा हात थांबला. पान पिवळं, पण शिरा हिरव्यागार, एकेक बारीक शीर काढून दाखवावी अशी. पिवळ्या कापडावर हिरवा धागा भरावा तसं. असं कापड तिने शंभरदा पाहिलं होतं. रंग पिंपात भरपूर असतो, पण कापडावर चढत नाही. कुठे तरी पकडतो, बाकी कोरं सोडतो. अशा वेळी तिचे वडील एकच गोष्ट म्हणायचे: रंग चढला नाही तर रंगाला शिव्या देऊ नये, आधी पाण्याला विचारावं.

आणि पाण्याला कसं विचारायचं, ते तिला येत होतं. तिने भाजीवाल्याकडून जांभळा कोबी आणला, त्याची पानं उकळली आणि त्या जांभळ्या पाण्यात जुन्या पांढऱ्या चादरीच्या पट्ट्या बुडवून वाळवल्या. रंगाऱ्यांची ही जुनी युक्ती. पट्टी आंबट पाण्यात गुलाबी होते, साध्या पाण्यात जांभळी राहते, आणि खाऱ्या, म्हणजे सोड्यासारख्या क्षाराच्या, पाण्यात हिरवी. मग तीन वाट्या. एकीत फाटकाजवळची माती, दुसरीत भिंतीकडची, तिसरीत झाडाच्या मुळाशी खणून काढलेली. वर पावसाचं साठवलेलं पाणी.

फाटकाची पट्टी जांभळी राहिली. भिंतीची राहिली. झाडाची हिरवी झाली, पोपटासारखी.

धाकटीने पट्टी पुन्हा बुडवून पाहिली. माहेरी एकाच पिंपात पट्टी अशी हिरवी व्हायची. राखेच्या. लाकडाची राख भिजवून तिचं खारं पाणी तिचे वडील, अण्णा, कापड धुवायला वापरायचे. समोर बाकावर मास्तर चाळणी हलवत होते, आणि बारीक करडी राख डब्यात पडत होती, शांतपणे, पिठासारखी.

तिने नवऱ्याला सांगितलं. तो पीठ मळत होता. कोपरापर्यंत हात त्यात रुतलेले.

"तुम्ही बोला ना त्यांच्याशी."

"मी? अगं, पाव करपला तर मी अजून बाबांच्या हाताच्या टप्प्याबाहेर उभा राहतो. मी सांगू की तुमच्या राखेनं झाड मरतंय?" तो थोडा वेळ मळत राहिला. "आणि ती राख काढून घेतली, तर ते सकाळी उठून करतील काय?"

हाच प्रश्न होता. बोललं तर म्हाताऱ्याच्या हातातलं शेवटचं काम जायचं, न बोललं तर झाड.

सुट्टीच्या दिवशी ती वडिलांकडे गेली. रंगाऱ्याने तिचं सगळं ऐकून घेतलं, पान चष्मा वर करून पाहिलं आणि मागच्या खोलीतून एक बाटली आणली. आत गंजासारखं तपकिरी पाणी. जुने खिळे आंबट सिरक्यात महिनोन्‌महिने बुडवून ठेवले की हे लोखंडाचं पाणी तयार होतं. काळा रंग पक्का करायला लागतं.

"झाडालाही लोखंड लागतं," तो म्हणाला. "मातीत असतं ते, पण राखेनं माती खारी झाली की मुळांना उचलता येत नाही. ताटात वाढलेलं आहे आणि हात बांधलेत, तसं. पण माझं खरं कशाला मानतेस? हे पाणी खूप पातळ कर आणि ब्रशानं पानाच्या एका बाजूला लाव. दुसरी बाजू कोरी ठेव. पान स्वतःच सांगेल."

"आणि मामंजींना कोण सांगेल?"

"ते तूच. पण रिकाम्या हातानं जाऊ नकोस. माणसाच्या हातातलं काढून घ्यायचं तर आधी दुसरं काहीतरी ठेवावं." मग त्याने विचारलं, "चाळून घेतात म्हणालीस? अगदी बारीक?"

"पिठासारखी."

"हं," रंगारी म्हणाला. "मला आणून देतात ती निम्मी कोळसा असते."

पहिली तीन पानं धाकटीने जाळली. पाणी पुरेसं पातळ झालं नव्हतं. पानांच्या कडा करपल्या. मग तिने बाटलीतला चमचाभर घेऊन पूर्ण बादलीत मिसळला आणि भिंतीकडच्या, कुणाच्या नजरेत न येणाऱ्या खालच्या फांदीवर बारा पानांची उजवी बाजू रंगवली. दर दोन दिवसांनी, पत्रे वाळत ठेवल्यावर.

दहाव्या दिवशी ती ब्रश धुवत होती तोच मागून आवाज आला.

"तरीच!"

सासूबाई पायऱ्यांवर उभ्या होत्या, कमरेवर हात. "तरीच म्हटलं, दुपारची ही झाडामागे काय करते! अहो, इकडे या! थोरल्या, तूही ये! ही बघा, पानं रंगवतेय! रंगाऱ्याची ना शेवटी! तुला गाडी लावू द्यायची नाही म्हणून झाडाला हिरवा हात मारतेय!"

सगळे जमले. थोरल्यांनी फांदी खाली ओढली. बारा पानं, बाराही अर्धी हिरवी, अर्धी पिवळी, मधली शीर म्हणजे जणू आखलेली हद्द.

"काय गं," थोरले म्हणाले, आणि ते रागावले होते की हसू दाबत होते ते कळेना, "अख्ख्या झाडाला किती डबे लागले असते?"

धाकटीचे कान लाल झाले. तिने एक पान तोडलं, अंगठा ओला करून हिरव्या बाजूवर जोरात घासला आणि अंगठा सासूबाईंपुढे धरला.

"आई, बघा. लागला का रंग?"

अंगठा कोरा होता. नखाची निळी कड तेवढी.

"आणि हे पाणी बघा. तपकिरी आहे. तपकिरी पाण्यानं पान हिरवं कसं रंगवू?"

सासूबाईंनी बाटली नाकाशी नेली आणि झटक्यात लांब केली. "शी! गंजलेल्या पत्र्याचा वास."

"तेच आहे ते. लोखंड. झाड लोखंडाला भुकेलंय. जिथं मिळालं तिथं हिरवं झालं."

"मातीत नाही का लोखंड?" हे मास्तरांनी विचारलं.

"आहे, मामंजी."

"मग घेत का नाही?"

धाकटीची नजर खाली गेली, आणि कुठे गेली ते मास्तरांनी पाहिलं. आयुष्यभर आंबलेल्या पिठाबरोबर आणि सोड्याबरोबर काढलेला माणूस. आंबट काय करतं आणि खारं काय करतं हे त्यांना शिकवावं लागलं नाही. ते बुंध्याशी वाकले, करड्या थरात बोट घातलं आणि जिभेला लावलं.

"राख," ते म्हणाले.

मास्तरांनी चाळणी बाकाखाली सारली आणि आत गेले. जेवायलाही आले नाहीत. सासूबाईंनी ताट वाढून झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी राख भट्टीतच पडून राहिली. तिसऱ्या दिवशी धाकटी मास्तरांच्या खोलीत गेली. ते खिडकीशी बसून रस्ता बघत होते.

"मामंजी, एक काम होतं."

"मला काम सांगू नकोस बाई. मी केलेल्या कामाचं काय होतं ते बघितलंस."

"अण्णांना राख हवीये. कापड धुवायच्या पाण्याला. त्यांना मिळते तीत कोळसा फार असतो, कापडावर डाग पडतात."

मास्तरांनी मान वळवली. "दया करतेस?"

"दया कसली? अण्णांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक नाही. एक खडा सापडला तरी डबा परत पाठवतील."

"परत?" म्हातारा ताठ बसला. "माझी राख परत पाठवेल?"

"मी आपली सांगून ठेवते."

"चाळणी कुठाय माझी?"

तो पहिला डबा त्यांनी तीनदा चाळला. स्वतः घेऊन गेले, दहा मिनिटांची वाट, आणि परत आले ते अडीच तासांनी, डाव्या हाताची दोन बोटं निळी करून.

"काय म्हणाले व्याही?" सासूबाईंनी गल्ल्यावरून विचारलं.

"काय म्हणणार? चिमूट घेतली, बोटांत चोळली आणि म्हणाला, उद्या दोन डबे आणा." आणि मग, न राहवून, "त्याला पिंपात कापड नीट ढवळतासुद्धा येत नाही गं. मी दाखवलं."

झाडाभोवतीचा करडा थर सगळ्यांनी मिळून काढला. थोरल्यांनी स्वतः फावडं घेतलं. मुळं उघडी पडतील इतकं खोल नव्हे, बुंध्याभोवती हातभर रुंदीचं वर्तुळ काढून वरची माती उचलली आणि फाटकाजवळची नवी भरली. बाद झालेले गंजके साचे पिंपभर सिरक्यात बुडाले, आणि त्याचं पातळ पाणी आठवड्यातून एकदा झाडाला. चहाचा चोथा सासूबाई रोज स्वतः टाकायच्या, कुणी बघत नाही असं बघून. पानं हळूहळू सुधारली. एकदम नाही, काही फांद्या त्या वर्षी उठल्याच नाहीत. पण उन्हाळा सरता सरता शेंड्याला जी पालवी आली ती हिरवी होती, पोपटी हिरवी, शिरांसकट.

आणि मग हवा गार होऊ लागल्यावर एका सकाळी सासूबाई ओरडत आत आल्या, "गेलं! पुन्हा पिवळं पडलं!"

सगळे हातातलं टाकून धावले. झाड पिवळं झालं होतं खरं, पण पिवळं, नारिंगी, मधूनच तांबडं, सगळं एकदम आणि शिरांसकट. बाकावर मास्तर पोट धरून हसत होते.

"अगं, पानगळ आहे ही! तीन वर्षं या बिचाऱ्याला नीट पानगळसुद्धा जमली नव्हती, विसरलीस काय रंग कसा येतो ते?"

थोरल्यांच्या खिशात सुतळी होती. मुदत संपली होती. त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली, त्या अर्ध्या-अर्ध्या पानांतलं एक शोधलं, जे आता दोन्ही बाजूंनी तांबडं होतं, आणि सुतळी काढून भिंतीच्या दुसऱ्या टोकाला मोजायला लागले.

"फाटक इकडून काढू," ते म्हणाले. "ही भिंत तशीही पडायलाच आलीये."

मास्तरांनी पुढे अकरा वर्षं राख पोचवली. एकही डबा परत आला नाही, आणि दोघे व्याही दुपारी निळीच्या पिंपाशेजारी पत्ते खेळत इतके भांडायचे की बायका लांबूनच त्यांना चहा सरकवायच्या. रंगारी आधी गेला. मास्तर नंतर वर्षभरच राहिले. त्या वर्षात त्यांनी राख चाळली, पण नेली कुठेच नाही.

सासूबाई ऐंशीच्या पुढे जगल्या. टेलिफोनसाठी केस सारखे करणं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. त्या वर्षीच्या पानगळीच्या गोंधळानंतर दुसऱ्याच दिवशी त्यांनी धाकटीपुढे पिठाचा गोळा टाकला आणि म्हणाल्या, "मळ. नखं दिसत नाहीत पिठात."

थोरल्यांनी गाडी घेतली. फुलांच्या दिवसांत ती झाडाखाली उभी राहायची आणि टपावर गुलाबी पाकळ्या घेऊनच पाव वाटायला निघायची; लोकांना वाटे, मुद्दाम सजवलीय. पुढे त्यांनी विजेची भट्टी आणली आणि राख संपली. आता बेकरी त्यांची मुलगी बघते.

धाकटीचा नवरा अजून पाव करपला की दोन पावलं मागे सरतो, मारणारं कुणी उरलेलं नसताना.

झाड आणखी तेवीस वर्षं जगलं, रोपवाटिकेवाल्याच्या हिशेबापेक्षा बावीस जास्त, आणि एका वादळात एका रात्रीत पडलं. त्याच्या जागी धाकटीने तसंच दुसरं लावलं. ती आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. नखं केव्हाच पांढरी झाली. कुणाच्या कुंडीतलं झाड पिवळं पडलं की शेजारपाजारचे पान घेऊन तिच्याकडे येतात. ती पान उजेडात धरते, शिरा बघते आणि पाणी किती, ऊन किती हे नंतर विचारते. आधी विचारते, "प्रेमानं काय काय घालता?"